आधी नावे ठेवली, मग नाव ठेवले

मित्रांनो, घरी तुम्हांला कोणत्या नावाने हाक मारतात? हजेरीपटावर तुमचे नाव शबाना असेल, पण अम्मी 'शब्बो' म्हणत असेल. रजियाची 'रज्जो' झाली असेल. तुमच्या मराठी शेजाऱ्यांकडेही हेच चालते. चंद्रकांतचा चंदू होतो, दत्तात्रयचा दत्तू होतो. हाच चंदू पुढे मोठा साहेब होतो, त्याच्या दारावर नावाची पाटी लागते. पण आई हाक मारते ती 'चंदू' म्हणूनच. अशा नावाला मराठीत 'लाडके नाव' म्हणतात.

माणसांना लाडकी नावे असतात, हे आपण रोज पाहतो. पण निर्जीव वस्तूला, एखाद्या यंत्राला लाडके नाव असावे का? मागच्या वर्षी आमच्या घरात हा प्रश्न निघाला. त्याची हकिकत तुम्हांला सांगतो आणि सांगता सांगता एका नव्या यंत्राची ओळखही करून देतो.

माझे अब्बा कातिब होते. कातिबाचे काम तुम्हांला ठाऊक असेलच. पूर्वी उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे हाताने लिहिली जात. कातिब बोरूच्या कलमाने, काळ्या शाईने एकेक पान नस्तालीक लिपीत लिहून काढी आणि त्या पानावरून छापखान्यात प्रती निघत. मराठीची अक्षरे शिशाच्या खिळ्यांनी जुळवता येत. नस्तालीकमध्ये मात्र अक्षर शब्दात कुठे येते त्याप्रमाणे त्याचा आकार बदलतो आणि शब्द तिरके उतरत जातात. त्यामुळे उर्दूला कातिबाचा हात लागे. अब्बा रोज सकाळी भिवंडीहून एस. टी. ने ठाण्याला जात. तिथून लोकलने सँडहर्स्ट रोडला उतरून ते भेंडीबाजारातल्या एका प्रकाशकाच्या खोलीत दिवसभर लिहीत बसत.

पुढे काळ बदलला. १९८१ मध्ये पाकिस्तानात 'नूरी नस्तालीक' ही अक्षरे संगणकासाठी तयार झाली. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसाने त्यासाठी हजारो जोडशब्द हाताने लिहून दिले होते. काही वर्षांत संगणकावरचे नस्तालीक आपल्याकडेही पोचले. मी लहान असताना एके दिवशी अब्बा दुपारीच घरी आले. कलमदान त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. दुसऱ्या आठवड्यापासून ते यंत्रमागाच्या कारखान्यात हिशेब लिहू लागले. त्यांनी कुणाकडे तक्रार केली नाही. पण संगणक, पडदा, बटण हे शब्द घरात निघाले की ते उठून बाहेर जात.

आता अब्बा म्हातारे झाले आहेत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, तरी पुस्तकातले बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. वाचनाशिवाय त्यांचा दिवस सरत नाही. म्हणून पगारातून थोडे पैसे बाजूला ठेवून मी एक ई-रीडर घरी आणला.

ई-रीडर म्हणजे काय? सोप्या मराठीत आपण त्याला 'वाचनयंत्र' म्हणू. आकाराने ते साध्या वहीहून लहान असते. सर्वसाधारण वाचनयंत्राचा पडदा सहा-सात इंचांचा असतो आणि वजन एखाद्या लहान पुस्तकाएवढे असते. पण त्याच्या पोटात हजारांहून जास्त पुस्तके मावतात. तुम्ही म्हणाल, "सर, हे तर मोबाइलमध्येही होते." खरे आहे. पण दोघांत एक मोठा फरक आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड फेकतो. तो उजेड सरळ आपल्या डोळ्यांत येतो आणि उन्हात पडदा नीट दिसत नाही. वाचनयंत्राचा पडदा कागदासारखा असतो. बाहेरचा उजेड त्याच्यावर पडतो आणि परत आपल्याकडे येतो. त्यामुळे भर उन्हातही अक्षर स्वच्छ दिसते. रात्री वाचण्यासाठी नव्या यंत्रांत कडेला बारीक दिवे असतात. तेही आपला उजेड पडद्याच्या पृष्ठभागावरच पसरवतात.

हा कागदी पडदा चालतो कसा, ते पाहा. त्यात केसाच्या जाडीएवढ्या, लाखो पारदर्शक कुप्या असतात. साबुदाण्याचा दाणा डोळ्यांपुढे आणा आणि तो कितीतरी पटींनी लहान करा, म्हणजे कल्पना येईल. प्रत्येक कुपीत पातळ द्रव असतो आणि त्यात पांढरे व काळे कण तरंगत असतात. पांढऱ्या कणांवर धन विद्युतभार असतो आणि काळ्या कणांवर ऋण. विरुद्ध भार एकमेकांना ओढतात, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. कुपीच्या तळाशी ऋण भार दिला की पांढरे कण खाली ओढले जातात आणि काळे वर येतात. तिथे काळा ठिपका दिसतो. तळाशी धन भार दिला की याच्या उलट होते आणि तिथे पांढरे दिसते. अशा असंख्य काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे अक्षर होते, अक्षरांचे पान होते.

गंमत पुढेच आहे. कण एकदा जागेवर बसले की तिथेच राहतात. त्यांना धरून ठेवायला वीज लागत नाही. अक्षरांसाठी वीज खर्च होते ती पान बदलताना. म्हणूनच एकदा चार्ज केलेले वाचनयंत्र कित्येक दिवस, काही वेळा कित्येक आठवडे चालते. आपल्या गावांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, तेव्हा हा गुण लहान म्हणता येणार नाही.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत मायकेल हार्ट नावाच्या तरुणाने त्या देशाच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर स्वतः टंकून इतरांसाठी खुला केला. 'प्रोजेक्ट गुटेनबर्ग' या मोफत ग्रंथालयाची ती सुरुवात होती. वर सांगितलेली कुप्यांची युक्ती अमेरिकेतील एम. आय. टी. या संस्थेत शोधली गेली आणि १९९७ मध्ये तिच्यासाठी 'ई-इंक' ही कंपनी निघाली. असा पडदा असलेले पहिले वाचनयंत्र २००४ मध्ये जपानच्या बाजारात आले. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत 'किंडल' आले आणि वाचनयंत्र घरोघरी पोचू लागले. २०१६ मध्ये किंडलवर मराठी पुस्तकेही आली.

या यंत्रांच्या नावांकडे लक्ष द्या. 'किंडल' या इंग्रजी शब्दाचा अर्थ आग चेतवणे, आपण उर्दूत 'सुलगाना' म्हणतो ते. वाचनाने मनात ठिणगी पडते, असा त्यातला भाव. दुसऱ्या एका यंत्राचे नाव 'नूक', म्हणजे निवांत बसण्याचा कोपरा. तिसऱ्याचे 'कोबो', इंग्रजी 'बुक' या शब्दातली अक्षरे उलटसुलट केली की हे नाव तयार होते. म्हणजे कंपन्यांनासुद्धा नाव ठेवताना विचार करावा लागतो.

पण ही झाली कारखान्याची नावे. एकाच नावाची लाखो यंत्रे जगात असतात. आपले यंत्र कोणते, हे ओळखायला त्याला आपले असे नाव हवे. म्हणून बहुतेक वाचनयंत्रांत नाव लिहिण्याची सोय असते. ती जागा पाहून मी घरात सगळ्यांना विचारले, "याचे नाव काय ठेवायचे?"

अब्बा खुर्चीत बसले होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. म्हणाले, "डब्याला कसले आले नाव? कागदाचा वास नाही, पान दुमडता येत नाही, समासात खूण करायला कलम चालत नाही. घेऊन जा तो डबा."

मित्रांनो, इथे मराठीतली एक गंमत शिकून घ्या. 'नाव ठेवणे' म्हणजे नामकरण करणे. पण 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. एका मात्रेने अर्थ पालटतो! मी अब्बांना यंत्राचे नाव ठेवायला सांगितले आणि त्यांनी त्याला नावे ठेवली.

माझी मुलगी तिसरीत आहे. ती म्हणाली, "दादा, एवढ्याशा वस्तूला डबा काय म्हणता? डबी म्हणा." (उर्दूत दादा म्हणजे वडिलांचे वडील. मराठीत 'दादा' म्हणजे मोठा भाऊ. मराठी मित्राशी बोलताना हे ध्यानात ठेवा.) तिचे म्हणणे व्याकरणाला धरून होते. मराठीत मोठ्या वस्तूचे नाव आकारान्त असले की लहान वस्तूचे बहुधा ईकारान्त होते. डबा–डबी, सुरा–सुरी, लोटा–लोटी, आरसा–आरशी. उर्दूतही तसेच : प्याला–प्याली, टोकरा–टोकरी. लहानपण दाखवायचे दुसरेही मार्ग आहेत. मराठीत घराचे घरकुल होते. फारसीत बागेला 'चा' जोडला की लहान बाग होते. तोच शब्द 'बगीचा' होऊन मराठीत आला आणि इथेच राहिला.

लहान ते लाडके, हा बहुतेक भाषांचा नियम दिसतो. पण मराठीत मोठेपणा देऊनही लाड करतात. विठ्ठलाचा विठू होतो आणि विठोबाही होतो. तुकारामाचा तुकोबा होतो. 'बा' म्हणजे बाप. ज्ञानेश्वरांना तर वारकरी 'माउली' म्हणतात. उर्दूतले 'मियाँ' आणि 'बी' हे शब्द पाहा. त्यांत आदर आहे आणि माया पण आहे.

वस्तूंना नावे देण्याची रीतही आपल्याला नवी नाही. हजरत अलींची तलवार 'जुल्फिकार' आणि शिवाजी महाराजांची तलवार 'भवानी' ही नावे सर्वांच्या तोंडी आहेत. १५४९ मध्ये अहमदनगरला एक प्रचंड तोफ ओतली गेली. तिचे वजन सुमारे ५५ टन आहे. तिचे नाव 'मलिक-ए-मैदान', म्हणजे रणांगणाची धनी. ती आजही विजापूरच्या बुरुजावर आहे. मराठी माणसाच्या जिभेवर हे नाव 'मुलूखमैदान' झाले. आज सभा गाजवणाऱ्या वक्त्यालाही मराठीत 'मुलूखमैदान तोफ' म्हणतात. एका तोफेचे नाव दोन भाषांतून फिरत फिरत माणसाला येऊन चिकटले.

गाड्यांचे पाहा. १ जून १९३० रोजी मुंबई-पुणे मार्गावर 'डेक्कन क्वीन' सुरू झाली. लोकांनी तिला लगेच 'दख्खनची राणी' केले. तिचे नेहमीचे प्रवासी १ जूनला तिचा वाढदिवससुद्धा साजरा करतात. योगायोग असा, की एस. टी. ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली तोही १ जूनच, वर्ष १९४८. पुढे एस. टी. चा लाल रंग ठरला आणि ती सर्वांची 'लालपरी' झाली. अब्बांना रोज ठाण्याला नेणारी तीच.

यंत्रे नवी झाली तरी रीत तीच राहिली. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये तयार केलेल्या महासंगणकाचे नाव 'परम' ठेवले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ मधून चंद्रावर उतरलेल्या छोट्या गाडीचे नाव 'प्रज्ञान' होते. अमेरिकेने मंगळावर पाठवलेल्या एका गाडीचे नाव 'क्युरिऑसिटी', म्हणजे कुतूहल. हे नाव २००९ मध्ये स्पर्धेतून निवडले गेले आणि ते सुचवणारी मुलगी सहावीत शिकत होती. तुमच्याहूनही लहान!

माणूस निर्जीव वस्तूला नाव का देतो? पहिले कारण सोयीचे. नाव असले की वस्तू ओळखता येते, मागता येते, शोधता येते. दुसरे कारण जपणुकीचे. 'ती सायकल' पावसात राहते, पण 'आमची राणी' आठवणीने आत घेतली जाते. तिसरे कारण मनाचे. ज्या वस्तूबरोबर आपले दिवस जातात ती आपल्याला सजीव वाटू लागते. मराठी व्याकरणात निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते असे वर्णन केले की त्याला 'चेतनगुणोक्ती' अलंकार म्हणतात. कवी ते कवितेत करतो, आपण ते घरात करतो.

मात्र नाव ठेवताना एक काळजी घ्यावी. नाव आणि गुण यांचा मेळ असावा. नाही तर मराठीत लोक म्हणतात, "नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा." आपण म्हणतो, "आँख के अंधे, नाम नैनसुख." आमच्या घरात पहिल्या दिवशी बरीच नावे निघाली. बेगमने 'दानिश' सुचवले, धाकट्या भावाने 'उस्ताद'. मुलगी 'डबी' सोडायला तयार नव्हती. एकही नाव सर्वांना पटले नाही. यंत्र आठवडाभर बिननावाचे पडून राहिले आणि अब्बांनी त्याला हात लावला नाही.

मग मला एक गोष्ट आठवली. अब्बांनी कलम ठेवण्याआधी एक उर्दू 'कायदा' लिहिला होता. (हाही शब्द जपून वापरा. उर्दूत कायदा म्हणजे मुळाक्षरांचे पुस्तक. मराठीत कायदा म्हणजे कानून.) त्याची एकच प्रत घरात उरली होती. कागद पिवळा पडलेला, कडा झडलेल्या. अब्बा ती कुणाला हाताळू देत नसत. त्यांची परवानगी घेऊन मी प्रत्येक पानाचे मोबाइलने छायाचित्र काढले आणि ती पाने क्रमाने वाचनयंत्रात घातली.

इथे एक माहिती सांगतो. वाचनयंत्रात पुस्तक दोन प्रकारे येते. पहिल्या प्रकारात यंत्राला अक्षरे कळतात. म्हणून ती हवी तेवढी मोठी करता येतात आणि ओळी आपोआप नव्याने जुळतात. मराठी पुस्तके अशा रूपात मिळतात. दुसऱ्या प्रकारात पान हे नुसते चित्र असते. त्यात ओळी नव्याने जुळत नाहीत. पान आडवे धरून किंवा ताणूनच मोठे करावे लागते. वाचायला ही पद्धत थोडी गैरसोयीची आहे. पण चित्रात एक गुण असतो. कातिबाने जसे लिहिले तसेच ते दिसते. त्याच्या कलमाचा जाड-बारीक फराटा, त्याचा नुक्ता, त्याच्या हाताचे वळण, सगळे जसेच्या तसे.

संध्याकाळी मी काही न बोलता यंत्र अब्बांच्या हातात दिले. पडद्यावर पहिले पान होते : अलिफ, मोठ्या आकारात. अब्बांनी चष्मा लावला. बराच वेळ ते पाहत राहिले. मग त्यांनी बोटाने पान उलटले, पुढचे उलटले. 'जीम'पाशी थांबून म्हणाले, "याचे पोट जरा जास्त गोल झाले आहे. त्या दिवशी मला ताप होता."

नात त्यांच्या शेजारी बसली होती. ती म्हणाली, "दादा, पान उलटले की आधीचे पुसले जाते आणि त्याच जागी नवे उमटते. हे बघा."

"तख्ती!" अब्बा म्हणाले.

लाकडाची तख्ती तुमच्यापैकी काहींनी आजीच्या घरी पाहिली असेल. तिच्यावर मुलतानी माती फासायची, वाळवायची, कलमाने लिहायचे, धुवायचे आणि पुन्हा लिहायचे. मराठी मुलांची धूळपाटीही तशीच. पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षर गिरवायचे, हाताने सारखे करायचे, पुन्हा गिरवायचे. अब्बांनी कलम पहिल्यांदा धरले ते तख्तीवरच. तख्ता मोठा, तख्ती लहान. माझ्या मुलीच्या व्याकरणातही नाव बसले. तिने लगेच त्याला मान जोडला आणि घरात सर्वांसाठी नाव ठरले : 'तख्तीबी'. शेजारच्या मराठी काकू तिला 'पाटीबाई' म्हणतात. तिला दोन्ही नावे शोभतात.

यंत्रातल्या त्या जागी मी इंग्रजी अक्षरांत नाव टंकले. अब्बांना ते आवडले नाही. ते उठले, कपाटाच्या वरच्या फळीवरून कलमदान काढले. शाई केव्हाच वाळून गेली होती. मुलगी धावत जाऊन दुकानातून नवी घेऊन आली. अब्बांनी बोरू नव्याने छाटला. हात थोडा थरथरत होता. तीन कागद फुकट गेले. चौथ्यावर त्यांनी नस्तालीकमध्ये 'तख्तीबी' लिहिले आणि खाली, पूर्वी पुस्तकाच्या शेवटी लिहीत तसे, बारीक अक्षरात कातिबाचे नाव. तो कागद आम्ही यंत्राच्या वेष्टनाच्या आत चिकटवला आहे.

आता रोज सकाळी चहाबरोबर हाक येते, "माझी तख्तीबी कुठे आहे?" दुपारी ते तिच्यावर मराठी कथा वाचतात, अक्षर चांगले मोठे करून. संध्याकाळी नातीला तोच कायदा शिकवतात. कलमदान पुन्हा वरच्या फळीवर गेलेले नाही.

मित्रांनो, नाव ठेवल्याने यंत्र बदलत नाही. तख्तीबीला आजही कागदाचा वास नाही आणि तिची वीज संपली की ती गप्प बसते. तिच्यावर कुणी बसले तर तिचा पडदा फुटेल, म्हणून तिला गादीवर टाकून चालत नाही. पण ज्या वस्तूला आपण नाव देतो तिच्याशी आपले नाते जडते आणि नात्यात माणूस थोडी तडजोड करायला तयार होतो.

तुमच्या घरात अशी एखादी वस्तू आहे का? शिवणयंत्र असेल, सायकल असेल, बाबांची रिक्षा असेल. तिला घरात काय म्हणतात ते वडीलधाऱ्यांना विचारा. ते नाव कुणी ठेवले आणि का ठेवले, हे दहा ओळींत मराठीत लिहून आणा. तिला अजून नाव नसेल, तर आजच एखादे ठेवा. मात्र नाव ठेवा, नावे ठेवू नका!